संगणक परस्पर भलत्याच वायफायला जोडला जातो तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत दिसल्यामुळे या वेळी सर्व प्रश्न त्याच विषयावरचे निवडले आहेत. तक्रार अशी की, संगणक मालकाला न विचारता नको त्या वायफाय नेटवर्कला जोडला जातो आणि पुन्हा पुन्हा समजावूनही ऐकत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज 11 आहे. मध्यंतरी आमचे इंटरनेट बंद पडले असताना शेजाऱ्यांनी त्यांच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. त्यानंतर आमचे इंटरनेट सुरळीत झाले, तरी लॅपटॉप उघडला की तो अनेकदा शेजाऱ्यांच्याच नेटवर्कला जोडलेला आढळतो. दर वेळी हाताने आमचे नेटवर्क निवडावे लागते. त्याला कायमचे थांबवता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी एक खूण काढणे पुरेसे आहे. परंतु असे का घडते हे आधी पाहिलेले बरे, कारण ते समजले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

पासवर्ड असलेल्या अनोळखी नेटवर्कला संगणक स्वतःहून जोडला जाऊ शकत नाही, कारण त्याच्याजवळ पासवर्डच नसतो. तो जोडला जातो ते पूर्वी कधी तरी ओळख करून दिलेल्या नेटवर्कला. पहिल्यांदा जोडणी करताना ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ या शब्दांपुढे बहुतेक वेळा आधीच खूण केलेली असते, आणि घाईत असलेला माणूस ती काढत नाही. त्या क्षणी विंडोज त्या नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड यांची एक नोंद करून ठेवते. या नोंदीला प्रोफाइल म्हणतात. राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा आपल्या नावाची घोषणा करत असतो. संगणक जागा झाला की ऐकू येणाऱ्या नावांची जवळच्या नोंदींशी तुलना करतो आणि जुळणी झाली की विचारत न बसता जोडणी करतो.

आता तुमच्या घरात नेमके काय होत असावे ते पाहू. दोन ओळखीची नेटवर्क एकाच वेळी उपलब्ध असतील, तर तुम्ही शेवटी हाताने निवडलेल्या नेटवर्कला विंडोज पुढच्या वेळी प्राधान्य देते. म्हणजे तुम्ही दर वेळी स्वतःचे नेटवर्क निवडत असाल, तर विंडोजने ते केव्हाच शिकायला हवे होते. परंतु हे प्राधान्य दोन्ही नावे ऐकू येत असतील तेव्हाच उपयोगी पडते. वीज जाऊन आल्यावर तुमचा राउटर पुरता सुरू व्हायला काही वेळ घेतो, किंवा घराच्या एखाद्या कोपऱ्यात त्याचा संदेश (सिग्नल) क्षीण असतो. अशा वेळी लॅपटॉप जागा झाला, तर त्याला फक्त शेजाऱ्यांचे नाव ऐकू येते आणि तो तेथे जोडला जातो. नंतर तुमचा राउटर बोलू लागला तरी काही बदलत नाही, कारण चालू असलेली जोडणी तोडून अधिक पसंतीच्या नेटवर्ककडे जाण्याची सवय विंडोजला सहसा नसते. एकदा बसलेला तो तेथेच बसून राहतो.

यावरचा सौम्य उपाय असा. सेटिंग्ज उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ मध्ये जावे, तेथून ‘वायफाय’ आणि मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ निवडावे. आजवर ओळख झालेल्या सर्व नेटवर्कची यादी येथे दिसते. शेजाऱ्यांच्या नावावर क्लिक केल्यावर ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज’ अशी ओळ येईल, तिच्यापुढची खूण काढावी. पासवर्ड संगणकाजवळ राहील, अडीअडचणीला हाताने जोडताही येईल, मात्र संगणक स्वतःहून तेथे जाणार नाही. तुमची परिस्थिती पाहता मला हाच मार्ग योग्य वाटतो. शेजाऱ्यांनी उपयोगी पडावे म्हणून दिलेला पासवर्ड पुसून टाकण्याचे काही कारण नाही. शिवाय नेटवर्कच्या यादीत ‘डिस्कनेक्ट’ दाबून जोडणी तोडली, तरीही विंडोज त्या नेटवर्कशी आपोआप जोडणे साधारणपणे थांबवते. तुम्ही आजवर डिस्कनेक्ट न करता थेट दुसरे नेटवर्क निवडत आला असाल, तर विंडोजला नकार कधी कळलाच नाही.

याच यादीत प्रत्येक नावापुढे ‘फर्गेट’ असे बटण असते. ते दाबले की संपूर्ण नोंद पुसली जाते आणि पुढच्या वेळी पासवर्ड पुन्हा विचारला जातो. ज्या नेटवर्कशी पुन्हा संबंध येणार नाही, त्यांच्यासाठी हेच करावे.

तिसरा उपाय कठोर आहे आणि तो आज्ञांच्या खिडकीतून, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून, प्रशासकाच्या अधिकाराने करावा लागतो. घरातील लहान मुलाने किंवा दुसऱ्या कोणी पुन्हा त्याच नेटवर्कला जोडणी करू नये असे वाटत असेल, तर ते नाव यादीत दिसणेच बंद करता येते. त्यासाठीची आज्ञा अशी : नेटएसएच डब्ल्यूएलएएन ॲड फिल्टर परमिशन=ब्लॉक एसएसआयडी="नेटवर्कचे नाव" नेटवर्कटाइप=इन्फ्रास्ट्रक्चर. येथे ती देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर हे सर्व शब्द रोमन लिपीत, त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे टंकित करायचे आहेत. पहिले दोन शब्द म्हणजे एन-ई-टी-एस-एच आणि डब्ल्यू-एल-ए-एन ही अक्षरे होत. नेटवर्कचे नाव मात्र जसेच्या तसे, लहान-मोठ्या अक्षरांसह लिहावे लागते. बंदी उठवायची असल्यास त्याच आज्ञेत ‘ॲड’ च्या जागी ‘डिलीट’ लिहावे. ज्या संगणकाने फक्त ठरावीक नेटवर्कच वापरावीत अशी अपेक्षा असते, तेथे आधी ‘परमिशन=अलाऊ’ वापरून हव्या त्या नावांना परवानगी द्यावी आणि मग नावाचा उल्लेख न करता ‘परमिशन=डिनायऑल’ ही आज्ञा द्यावी. हा क्रम उलटा केला, तर परवानगी देईपर्यंत स्वतःचे नेटवर्कही नाहीसे झालेले दिसेल. प्रवासात नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ही सरसकट बंदी लावू नये असे माझे मत आहे, कारण परगावी गेल्यावर एकही नेटवर्क दिसत नाही आणि ही बंदी आपणच लावली होती हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : नवीन लॅपटॉप सुरू केला आणि एकही पासवर्ड न देता तो माझ्या मित्राच्या घरच्या नेटवर्कला जोडला गेला. मी या लॅपटॉपवरून तेथे कधीच जोडणी केलेली नाही. हे कसे शक्य आहे?

उत्तर : या लॅपटॉपवरून केली नसेल, पण जुन्या लॅपटॉपवरून बहुधा केली असेल. त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्या संगणकावर प्रवेश केला आणि सेटिंग्ज जुळवून घेण्याची सोय चालू असली, तर वायफायचे साठवलेले पासवर्डही खात्यामार्फत नव्या संगणकावर येतात. विंडोज 11 मध्ये ही सोय सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’ विभागात ‘विंडोज बॅकअप’ येथे पाहता येते. ॲपलच्या उपकरणांत हेच काम आयक्लाउड कीचेन, म्हणजे पासवर्ड साठवून खात्यामार्फत सर्व उपकरणांवर नेणारी सोय, करते.

आणखी दोन शक्यता लक्षात ठेवाव्यात. एकाच संगणकावर अनेक जणांची खाती असतील, तर विंडोज वायफायची नोंद सहसा सर्वांसाठी मिळून ठेवते. त्यामुळे घरातील एकाने केलेली ओळख सर्वांना लागू होते. आणि संगणक कार्यालयाचा असेल, तर तेथील व्यवस्थापकांनी काही नेटवर्कच्या नोंदी वरूनच बसवलेल्या असू शकतात. या नोंदी वापरकर्त्याला पुसता येत नाहीत आणि पुसण्याचा खटाटोप करूही नये, व्यवस्थापकांशी बोलावे. आपल्या संगणकावर कोणत्या प्रकारच्या नोंदी आहेत हे पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो प्रोफाइल्स’ ही आज्ञा द्यावी. वरून आलेल्या नोंदी तेथे ‘ग्रुप पॉलिसी प्रोफाइल्स’ या शीर्षकाखाली, तर तुम्ही किंवा घरच्यांनी केलेल्या नोंदी ‘युजर प्रोफाइल्स’ खाली दिसतात. संगणक कोणत्या वेळी कोठे जोडला गेला याचा इतिहास हवा असल्यास याच आज्ञेत ‘शो प्रोफाइल्स’ च्या जागी ‘शो डब्ल्यूएलएएनरिपोर्ट’ असे लिहावे. मागील तीन दिवसांतील जोडण्यांचा आलेखासह अहवाल तयार होतो आणि तो ब्राउझरमध्ये उघडता येतो. ‘आपोआप जोडले गेले’ असे ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या कित्येक जोडण्यांमागे घरातील दुसऱ्या कोणाचा तरी हात असतो, हे या अहवालातून शांतपणे उघड होते.

प्रश्न : विमानतळ, हॉटेल, वाचनालय अशा ठिकाणी बिनपासवर्डचे वायफाय मी अनेकदा वापरले आहे. आता अशा कोणत्याही ठिकाणी गेलो की लॅपटॉप स्वतःहून जोडला जातो. यात केवळ त्रास आहे की खरोखर धोका आहे?

उत्तर : दोन्ही आहे, आणि रोजच्या अनुभवात त्रासाचा वाटा मोठा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या बहुतेक नेटवर्कवर जोडणी झाली तरी इंटरनेट लगेच मिळत नाही. आधी एका पानावर जाऊन अटी मान्य कराव्या लागतात किंवा मोबाइल क्रमांक द्यावा लागतो. लॅपटॉप मात्र जोडला गेल्याच्या समाधानात राहतो, ईमेल येत नाही, आणि दोष कोठे आहे ते समजत नाही.

धोक्याचा भाग असा की, वायफायच्या जगात ओळख नावावरून पटते, आणि हे नाव म्हणजे जास्तीत जास्त 32 बाइटांचा मजकूर. ते कोणीही आपल्या राउटरला देऊ शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. दारावरची पाटी वाचून थेट घरात शिरणाऱ्या माणसासारखे संगणकाचे वर्तन असते. पासवर्ड असलेल्या नेटवर्कच्या बाबतीत यापुढे एक तपासणी तरी होते. डब्ल्यूपीए2 या वायफायच्या प्रचलित सुरक्षा पद्धतीत नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड यांच्यावर 4096 वेळा गणिती प्रक्रिया करून एक किल्ली तयार केली जाते, आणि ती किल्ली दोन्ही बाजूंना माहीत असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज जोडणी पूर्ण होत नाही. तोतया राउटरला नाव चोरता येते, पण पासवर्ड ठाऊक नसेल तर तो या परीक्षेत नापास होतो. (अशा अर्धवट संवादाची नोंद ठेवून पासवर्डचा अंदाज नंतर सावकाश बांधता येतो, म्हणून शब्दकोशातला एखादा शब्द पासवर्ड म्हणून ठेवणे वाईट.) तोतयाने पासवर्डच काढून टाकला तरी विंडोज फसत नाही, कारण त्याच्या नोंदीत सुरक्षेचा प्रकारही लिहिलेला असतो आणि तो जुळत नाही.

बिनपासवर्डच्या नेटवर्कला मात्र कोणतीच परीक्षा नाही. नाव जुळले की काम झाले. एखाद्या हॉटेलात वापरलेल्या खुल्या नेटवर्कचे नाव तुमच्या यादीत असेल, तर त्याच नावाचा राउटर घेऊन कोणीही कोठेही बसावे, तुमचा लॅपटॉप त्याला हॉटेलच समजेल. ही कल्पना नवी नाही. 2004-05 च्या सुमारास डिनो डाय झोव्ही आणि शेन मॅकॉली या सुरक्षातज्ज्ञांनी ‘कार्मा’ नावाचे साधन तयार करून हे प्रात्यक्षिकासह दाखवले होते. त्या काळचे संगणक आपल्या यादीतील नावे घेऊन ‘अमुक नेटवर्क येथे आहे का’ असे हवेत विचारत फिरत, आणि कार्मा प्रत्येक प्रश्नाला ‘होय, मीच ते’ असे उत्तर देई. आजच्या प्रणाली इतक्या बोलक्या राहिलेल्या नाहीत, परंतु नावावर विश्वास ठेवण्याची मूळ पद्धत कायम आहे.

त्याहून गमतीदार, आणि या प्रश्नाच्या अगदी जवळचा, प्रकार विंडोज एक्सपीच्या काळात घडला. अनेक विमानतळांवर लोकांना ‘फ्री पब्लिक वायफाय’ नावाचे एक नेटवर्क दिसे. त्याला जोडणी केली तर इंटरनेट काही मिळत नसे, कारण पलीकडे राउटर नसून दुसऱ्या एखाद्या प्रवाशाचा लॅपटॉपच असे. दोन संगणकांनी राउटरशिवाय एकमेकांशी थेट बोलण्याच्या सोयीतून ते नाव कोठून तरी सुरू झाले होते, आणि एक्सपीची खोड अशी होती की, यादीतील कोणतेही नेटवर्क सापडले नाही तर अशा थेट जोडणीचे साठवलेले नाव तो स्वतःच हवेत जाहीर करू लागे. फुकट वायफायच्या आशेने जो जोडला जाई, त्याचा संगणकही पुढच्या मुक्कामी तेच नाव पुकारू लागे. कोणीही विषाणू न लिहिता, केवळ आपोआप जोडले जाण्याच्या सवयीवर एक नाव देशोदेशी पसरले. एक्सपीच्या ‘सर्व्हिस पॅक 3’ या सुधारणांच्या संचात ही खोड काढून टाकण्यात आली.

तुमच्या बाबतीत करायचे काम सोपे आहे. ओळखीच्या नेटवर्कची यादी उघडावी आणि बिनपासवर्डची सर्व नावे ‘फर्गेट’ करावीत. पुढे अशा ठिकाणी जोडताना ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ ची खूण आधी काढावी आणि मगच बटण दाबावे. काम संपल्यावर नेटवर्क पुसून टाकले तर आणखी चांगले. अवास्तव घाबरण्याचे मात्र कारण नाही. बँका, ईमेल आणि बहुतेक संकेतस्थळे आता एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठवण्याची पद्धत, वापरतात, त्यामुळे तोतया नेटवर्कमधूनही मजकूर वाचणे सहज शक्य होत नाही. तरीही तुम्ही कोणत्या संकेतस्थळांकडे जाता याचा अंदाज त्याला येऊ शकतो, आणि तो तुम्हाला खोट्या पानाकडे वळवण्याचा प्रयत्न करू शकतो. अशा ठिकाणी ब्राउझरने संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राविषयी इशारा दिला आणि तो तुम्ही ‘पुढे जा’ म्हणून बाजूला सारला, तर या सर्व संरक्षणाला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : घरच्या राउटरचे नाव लपवून ठेवले तर ते अधिक सुरक्षित होते असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि लॅपटॉपच्या दृष्टीने ते थोडे अधिक वाईट आहे. राउटर स्वतःचे नाव सांगत नसल्यामुळे लॅपटॉपला ते जागोजागी स्वतःहून विचारत राहावे लागते. विंडोजमध्ये ‘कनेक्ट इव्हन इफ धिस नेटवर्क इज नॉट ब्रॉडकास्टिंग’ ही खूण नेमके हेच काम करते. परिणामी जे नाव घरात लपवले, ते तुमचा लॅपटॉप रेल्वे स्थानकावर पुकारत बसतो. शिवाय जोडणीच्या वेळी नाव हवेतून जातेच, त्यामुळे शोधणाऱ्याला ते मिळते. नाव उघड ठेवावे आणि पासवर्ड लांबलचक ठेवावा.

प्रश्न : मॅकवर आणि आयफोनवर हेच कसे करावे?

उत्तर : मॅकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सिस्टिम सेटिंग्जमधील ‘वायफाय’ उघडावे. ओळखीच्या नेटवर्कच्या नावापुढे तीन टिंबांचे बटण असते. त्यात ‘ऑटो-जॉइन’ ची खूण काढता येते किंवा ‘फर्गेट धिस नेटवर्क’ म्हणता येते. सध्या आसपास नसलेली नेटवर्क पाहायची असल्यास खालचे ‘ॲडव्हान्स्ड’ बटण दाबावे. आयफोनवर नेटवर्कच्या नावापुढील ‘आय’ या चिन्हावर बोट ठेवले की ‘ऑटो-जॉइन’ दिसते, आणि आयओएस 16 पासून ‘एडिट’ दाबून जुन्या नेटवर्कची पूर्ण यादीही पाहता येते. त्यापूर्वी नेटवर्कच्या टापूत प्रत्यक्ष गेल्याखेरीज त्याचे नाव पुसता येत नसे, ही मोठी अडचण होती.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. आयक्लाउड कीचेन चालू असेल, तर मॅकवर एखादे नेटवर्क ‘फर्गेट’ केल्यावर ते त्याच खात्याच्या आयफोनवरूनही जाते. फक्त मॅकपुरता त्रास टाळायचा असेल, तर ‘ऑटो-जॉइन’ ची खूण काढणेच योग्य. दुसरी गोष्ट म्हणजे ‘आस्क टू जॉइन नेटवर्क्स’ या ओळीचा अर्थ अनेकांनी चुकीचा घेतलेला आढळतो. ही सोय चालू केली म्हणजे फोन प्रत्येक वेळी आपली परवानगी घेईल असे त्यांना वाटते. परंतु ओळखीच्या नेटवर्कला तो न विचारता जोडला जातोच, विचारतो तो फक्त अनोळखी नेटवर्कविषयी. त्यामुळे या प्रश्नावर तिचा उपयोग नाही.

अनेक ओळखीची नेटवर्क एकाच ठिकाणी असतील तेव्हा ॲपलची उपकरणे प्रत्येकाला मनातल्या मनात गुण देतात. हाताने निवडून तुम्ही तेथे राहिलात तर गुण वाढतात, हाताने सोडून गेलात तर कमी होतात. पूर्वी मॅकवर ही यादी माउसने वरखाली ओढून पसंतीचा क्रम ठरवता येत असे. ती सोय 2022 साली आलेल्या व्हेंच्युरा आवृत्तीपासून काढून घेण्यात आली, आणि ती काढायला नको होती असे मला आजही वाटते. यंत्राने आपल्या वागण्यावरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा क्रम एकदा सांगून टाकणे केव्हाही सोपे होते.

आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधील वायफायचे बटण दाबल्याने वायफाय पूर्ण बंद होत नाही हेही येथे सांगायला हवे. जोडणी तेवढी तुटते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, जागा बदलल्यावर किंवा फोन पुन्हा सुरू केल्यावर आपोआप जोडणे पूर्ववत चालू होते. खरोखर बंद करायचे असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊनच करावे.

प्रश्न : माझा टेबलावरचा संगणक केबलने राउटरला जोडलेला आहे. तरीही तो वायफायलाही जोडला जातो. यामुळे वेग कमी होतो का?

उत्तर : सहसा नाही. दोन्ही जोडण्या असताना विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणाली केबलला अग्रक्रम देतात आणि इंटरनेटची ये-जा केबलनेच होते. परंतु वायफायवर भलतेच नेटवर्क असेल, तर तुमचा संगणक एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये उभा राहतो, आणि छपाईयंत्र न सापडण्यासारख्या चमत्कारिक अडचणी त्यातून निर्माण होतात. संगणक जागचा हलत नसेल, तर वायफाय सरळ बंद करावे. तेवढ्यासाठी इतर उपायांची गरज नाही. विंडोज 10 मध्ये वायफाय बंद करताना ते पुन्हा केव्हा चालू करायचे असा प्रश्न विचारला जातो. तेथे ‘मॅन्युअली’ निवडावे, अन्यथा निवडलेल्या वेळेनंतर ते पुन्हा चालू झालेले दिसेल. ज्या लॅपटॉपला कधी केबल असते आणि कधी नसते, त्याच्यासाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीतील ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे संगणकाच्या वापराचे नियम ठरवण्याच्या सोयीत, ‘विंडोज कनेक्शन मॅनेजर’ या विभागात, केबल असताना वायफायला मज्जाव करण्याची तरतूद आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक दिलेला नसतो.

प्रश्न : लिनक्सवर काय करावे?

उत्तर : उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (आवृत्त्यांत) हे काम नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्रॅम पाहतो. नेटवर्कच्या तपशिलात ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ ची खूण काढली की झाले. याखेरीज प्रत्येक नेटवर्कला ‘ऑटोकनेक्ट प्रायॉरिटी’ म्हणून एक अंक देता येतो. मोठा अंक असलेल्या नेटवर्कला पहिली पसंती मिळते आणि काहीच न दिल्यास तो शून्य धरला जातो. घरच्या नेटवर्कला 10 दिले आणि बाकीच्यांना हात लावला नाही, तरी क्रम निश्चित होतो. याशिवाय केवळ नावावर न विसंबता राउटरचा हार्डवेअर पत्ताही (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदीत बांधून ठेवता येतो.

प्रश्न : आमच्या राउटरची दोन नेटवर्क दिसतात, एक साधे आणि दुसरे शेवटी ‘5जी’ असलेले. लॅपटॉप नेहमी साध्या नेटवर्कला, म्हणजे संथ असलेल्याला, जोडला जातो. साधे नेटवर्क पुसून टाकू का?

उत्तर : पुसण्याची घाई करू नका. ही एकाच राउटरची 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवरची (लहरींच्या बँडवरची) नेटवर्क आहेत. मोबाइलच्या 5जी सेवेशी त्या नावाचा संबंध नाही. 5 गिगाहर्ट्झचा वेग अधिक असतो, परंतु भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो. 2.4 गिगाहर्ट्झ संथ खरा, पण दूरवर पोहोचतो. साधे नेटवर्क पुसले तर राउटरजवळ काम उत्तम चालेल आणि टोकाच्या खोलीत गेल्यावर जोडणी तुटेल. दोन्ही ठेवली तर लॅपटॉप टोकाच्या खोलीत साध्या नेटवर्कला जोडला जाईल आणि राउटरजवळ परत आल्यावरही तेथेच राहील, कारण पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे चालू जोडणी सोडण्याची त्याला सवय नसते. विंडोजच्या लेखी ही दोन वेगळी नेटवर्क आहेत.

म्हणून राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्यावा. मग लॅपटॉपला ते एकच नेटवर्क वाटते आणि एका पट्टीवरून दुसरीवर जाणे ही त्याची आतली बाब होते, जी तो बऱ्यापैकी सांभाळतो. तरीही तो संथ पट्टीला चिकटून राहिला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ गुणधर्मांत ‘प्रिफर्ड बँड’ पाहावे आणि तेथे 5 गिगाहर्ट्झला पसंती द्यावी. इंटेलच्या कार्डांत हा पर्याय सहसा असतो. तेथेच ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’ नावाचा पाच पायऱ्यांचा पर्यायही दिसतो. तो वाढवला की लॅपटॉप अधिक चांगला संदेश शोधण्याची तत्परता दाखवतो. मात्र तो एकदम टोकाला नेऊ नये, नाही तर लॅपटॉप सारखा इकडून तिकडे करत राहतो आणि व्हिडिओ संभाषण मध्येच अडखळते.

नाव बदलायचेच आहे, तर कारखान्यातून आलेले नाव सोडून स्वतःचे वेगळे नाव द्यावे. अनेक राउटरांची मूळ नावे सारखीच असतात, आणि शेजारच्या राउटरचे नावही तेच असेल तर लॅपटॉप त्याच्याशीही जोडणीची धडपड करून पासवर्ड चुकल्याची तक्रार करतो. नाव देवनागरीत ठेवण्याची हौस असल्यास ते आखूड असावे, कारण 32 बाइटांच्या मर्यादेत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हे धरली जातात. त्यामुळे एकूण दहाच चिन्हे बसतात. नाव बदलल्यावर घरातील प्रत्येक उपकरण एकदा नव्याने जोडावे लागेल. त्याच वेळी प्रत्येकाच्या यादीतून राउटरची जुनी दोन्ही नावे पुसून टाकावीत, म्हणजे उद्या आसपास कोणी तेच नाव वापरले तरी तुमचा लॅपटॉप तिकडे वळणार नाही.